पाव सूर खाली

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी वल्लरी शेवाळे उठली तेव्हा डाव्या कानात कुणीतरी कापूस कोंबून ठेवल्यासारखं वाटत होतं. नळ सोडला, तर पाण्याचा आवाज फक्त उजवीकडून आला. तिनं नाक दाबून हवा फुंकली, मुद्दाम जांभया दिल्या, मान तिरकी करून एका पायावर उड्याही मारून पाहिल्या. कान काही उघडला नाही. आत खोलवर मात्र एक बारीक शिट्टी चालू होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सूंसूं करते तशी.

"सर्दी असेल," ती नवऱ्याला म्हणाली.

निहार लेकीचा डबा भरत होता. "हाउसआर्ट्सला फोन कर," तो म्हणाला. नेदरलँड्समध्ये दुखणं कुठलंही असो, आधी घराजवळच्या या डॉक्टरांचंच दार ठोठावावं लागतं.

"आणि ते काय सांगणार? पॅरासिटामॉल घ्या नि आठवड्यानं फोन करा. त्यापेक्षा वाफ घेते."

ती हसत म्हणाली खरी, पण फोन न करण्याचं कारण वेगळं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे बरोबर बारा दिवसांनी, तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा कार्यक्रम होता. या बारा दिवसांत तिला आजारी पडायचं नव्हतं, आणि जे आजारपण कुणी नाव घेऊन सांगितलंच नाही ते नाहीच, असं तिनं ठरवून टाकलं.

वल्लरी तेव्हा अडतीस वर्षांची होती. वाढली चिंचवडला. वडील, दिनकर शेवाळे, एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये फिटर होते. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा आणि संध्याकाळी आप्पांच्या अंगाला येणारा तेलाचा वास, यात तिचं बालपण गेलं. गाणं तिला फार आवडे. पण शाळेतल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आवाज जाड आहे गं तुझा. समूहगीतात मागच्या रांगेत उभी राहा." ती दहावीपर्यंत मागच्या रांगेत उभी राहिली. पुढं इंजिनियर झाली, शिकायला डेल्फ्टला आली, तिथंच तिला निहार भेटला. लग्न झालं, झुइडओस्ट भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली, डीमनमध्ये घर झालं, संहिता झाली. गाणं म्हणजे लेकीला झोपवताना म्हणायची गोष्ट, एवढंच उरलं होतं.

संहिता दीड वर्षाची असताना, एका रविवारी वल्लरी एकटीच मैत्रिणीकडल्या बारशाला बाडहूव्हडॉर्पला गेली होती. परतताना बस चुकली. बाहेर असा वारा होता की थांब्यावर उभं राहवेना, म्हणून ती समोरच्या क्रीडा मंडळाच्या कॅन्टीनमध्ये शिरली. आत साठ-पासष्ट डच आजी-आजोबा रुंद हॅटा घालून, टोकदार बूट चढवून, अंगठे पट्ट्यात अडकवून रांगेनं एकाच ठेक्यात नाचत होते. कोपऱ्यात तीन माणसं वाजवत होती. कंट्री म्हणजे गुराख्यांची अमेरिकन गाणी, एवढंच तिला ठाऊक होतं. पण ते गाणं एका कामगाराचं होतं. पत्र्याचं छप्पर, पाळी संपवून घरी येणारा बाप, त्याचे न निघणारे काळे हात. चाल साधी, कुणालाही दुसऱ्या कडव्याला म्हणता येईल अशी. वल्लरी भिंतीला टेकून ऐकत राहिली. पुढच्या दोन बसही तिनं सोडल्या.

गिटार वाजवणाऱ्याचं नाव योरिस. पन्नाशीचा, ताडमाड, प्राथमिक शाळेतला मास्तर. ती दर रविवारी यायला लागली तसं त्यानं चौथ्या रविवारी तिच्या हातात माइक दिला. तिचा जाड आवाज त्या गाण्यांना असा बसला की नाचणाऱ्या रांगा चुकल्या. माणसं थांबून ऐकायला लागली.

तिथून सात वर्षं ती योरिसच्या बँडबरोबर गायली. सुरुवातीला देशात राहण्याचं परमिट नोकरीला बांधलेलं होतं, त्यामुळे आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवारी गाणं. योरिसच्या जुन्या व्हॅनमधून ते ड्रेन्थच्या खेड्यांतल्या सभागृहांत गेले, ब्राबांटच्या जत्रांत गेले, समुद्रकाठच्या कॅम्पिंगच्या मांडवांत गायले. पोस्टरवर छोटं नाव हवं म्हणून कुणीतरी वल्लरीतलं "वल", डच उच्चारानं "फाल", सुचवलं, तेव्हा योरिसच म्हणाला, "नको. आमच्या भाषेत त्याचा अर्थ पडणं. पूर्ण नाव लिहा, शिकतील लोक." लोक शिकले. हळूहळू वल्लरी स्वतः गाणी लिहू लागली. उलट्या वाऱ्यात सायकल हाणण्याचं गाणं, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देणाऱ्या लेकीचं गाणं. आणि एक 'पहिली पाळी', आप्पांचं. शब्द इंग्रजी, चाल कंट्री-पॉपची, पण भोंगा चिंचवडचा. ते रेडिओवर लागलं. मग एका अमेरिकन गायिकेच्या युरोप दौऱ्यात, झुइडओस्टमधल्या मोठ्या सभागृहात, तिच्या आधी अर्धा तास गाण्याचं बोलावणं आलं. साडेपाच हजार माणसं. वल्लरीच्या ऑफिसच्या खिडकीतून त्या सभागृहाचं छप्पर दिसे. बोलावणं आल्यापासून ती कॉफीचा कप घेऊन रोज त्या खिडकीशी जाऊन उभी राही.

आणि आता हा कान.

गुरुवारची तालीम कशीबशी निभली. ती योरिसच्या डाव्या बाजूला सरकली, म्हणजे तो तिच्या उजवीकडे आला, आणि कुणाला काही कळलं नाही. ड्रमवाला काही बोलला की ती हसून मान हलवी. हसता हसता एकदा ती थबकली. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं.

प्रेस शॉपच्या दणदणाटात आप्पांचे कान गेले होते. घरात हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. आई विचारी, "मीठ कमी झालंय का?" आणि आप्पा हसून म्हणत, "हो हो, दहा मिनिटांत निघतोच." पोरं फिदीफिदी हसत, त्यांत वल्लरीही असे. आप्पा मग आणखी हसत, जणू विनोद त्यांनीच केला होता.

रविवारच्या तालमीत नवंच संकट उभं राहिलं. डावा कान थोडा उघडला होता, पण वाकडा उघडला होता. योरिसनं एक तार छेडली आणि तिला दोन सूर ऐकू आले. उजव्या कानात खरा, आणि डाव्यात तोच सूर, पण जरासा उतरलेला. पाव सूर खाली. गिटार दोन, योरिस दोन, तिचा स्वतःचा आवाजही दोन. कुठला धरायचा? ती गाऊ लागली आणि योरिसनं भुवया उंचावल्या.

"दमलीयेस?"

"हो, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे," ती म्हणाली.

सोमवारी मात्र तिनं फोन केला. हाउसआर्ट्स नवीन होत्या, तरुण होत्या. त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला नादकाटा काढला, आपटून वल्लरीच्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

"आवाज कुठे येतोय?"

"उजवीकडे."

"फक्त उजवीकडे?"

"हो."

डॉक्टरांनी लगेच फोन उचलला आणि तिला त्याच दुपारी इस्पितळात कानाच्या तज्ज्ञांकडे धाडलं. तिथं बंद खोलीत बसवून तपासणी झाली. कागदावर उजव्या कानाची रेष सरळ होती. डाव्याची दरड कोसळावी तशी खाली गेली होती. तज्ज्ञ संथपणे म्हणाले, "कधी कधी असं अचानक होतं, कारण सापडत नाही. गोळ्या देतो. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. हे कधी सुरू झालं?"

"आठ दिवस झाले."

"पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर," ते म्हणाले आणि वाक्य त्यांनी वळवलं, "अर्थात तेव्हाही खात्री देता आली नसती."

तिनं कार्यक्रमाचं सांगितलं. ते म्हणाले, "मी बंदी घालत नाही. पण माझी बहीण असती तर मी तिला जाऊ दिलं नसतं."

घरी आल्यावर निहारशी जुंपली. "योरिसला आत्ताच्या आत्ता सांग," तो म्हणाला.

"सांगितलं की दुसरी उभी करतील."

"मग करू देत! कान तुझा आहे, वल्लरी."

"सात वर्षं गाते आहे मी, निहार. समूहगीताच्या मागच्या रांगेतून इथवर आले. अर्धा तास. फक्त अर्धा तास निभवू दे मला."

संहिता सोफ्यावर बसून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. तिनं डचमध्ये काहीतरी विचारलं. ती आईच्या डावीकडे होती. वल्लरीला ते ऐकूच आलं नाही, आणि पोरीनं पुन्हा विचारलंही नाही.

शनिवार उजाडला तोवर गोळ्यांनी वल्लरीची झोप उडवली होती. तोंडाला धातूची चव होती. गाताना कानात घालायच्या इअरफोनबद्दल तिनं सभागृहातल्या तंत्रज्ञाला सांगितलं, "मला सगळं उजव्या कानातच द्या, डावा रिकामा ठेवा, तशी सवय आहे मला." त्यानं खांदे उडवून तसं करून दिलं. संध्याकाळी साडेसातला दिवे मालवले आणि ती योरिसच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. समोर काळोखात साडेपाच हजार माणसं खोकत होती, हसत होती, पेले हलवत होती. निहार आणि संहिता कुठंतरी बाल्कनीत होते.

पहिली दोन गाणी निघाली. उलट्या वाऱ्याच्या गाण्यावर लोकांनी टाळ्यांचा ठेकाही धरला, आणि तिला वाटलं, झालं, निभलं. तिसरं 'पहिली पाळी'. त्याच्या दुसऱ्या कडव्यात योरिस खालच्या सुरात साथ देई आणि ती वर चढे. टाळ्यांचा, ड्रमचा, साडेपाच हजार गळ्यांचा आवाज आता डाव्या कानातही घुसत होता, उतरलेला, फाटलेला. तिला योरिस दोन ऐकू आले. तिनं चुकीचा धरला.

पहिली ओळ तशीच गेली. योरिसनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेनं घाबरून तिनं सूर वर ओढला तो फारच वर गेला, मग खाली आणला तो आणखी खाली. ज्या गाण्याचा एकेक शब्द तिनं आप्पांच्या हातांवरून लिहिला होता, ते गाणं साडेपाच हजार माणसांसमोर बेसूर चाललं होतं आणि त्याला कुठून धरून सरळ करायचं हे तिला कळत नव्हतं. तिनं मान वळवली तशी जमीन कलली. माइकचा खांब घेऊनच ती गुडघ्यावर आली. बँड थांबला. पुढच्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली, काही जण हसले.

ती उठली. उरलेली तीन गाणी योरिसनं एकट्यानं म्हटली. ती शेजारी हातात डफली घेऊन उभी राहिली, पण तिनं ती वाजवली नाही.

कपडे बदलायच्या खोलीत योरिसनं दार लावलं आणि विचारलं, "तू प्यायलेली आहेस का?"

तेव्हा तिनं सांगितलं. त्या पहिल्या सोमवारपासूनचं सगळं, तारखांसकट. तो ऐकत राहिला. ओरडला नाही, आणि तेच तिला जड गेलं.

"बेसूर सगळेच गातात कधी ना कधी," तो शेवटी म्हणाला. "मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, वल्लरी. हातभर. आणि तू मला कळू दिलं नाहीस."

त्या प्रसंगाचा एक मिनिटाचा व्हिडिओ रविवारपासून फोनोफोनी फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तिनं एकदाच वाचलं. सोमवारी ऑफिसात प्रणव नावाचा पुण्याचा सहकारी तिच्या डेस्कशी येऊन धीराचं काहीतरी बोलला असणार, पण तो डावीकडून बोलला. ती स्क्रीनकडे बघत राहिली. तिनं तोंड फिरवलं असं समजून तो निघून गेला, आणि पुढं कितीतरी दिवस दोघांत अवघडलेपण राहिलं. अशी माणसं तिनं त्या वसंतात बरीच दुखावली.

आठवड्यानं योरिस सायकल घेऊन डीमनला आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "उन्हाळ्यातले सात कार्यक्रम ठरलेत. फेमके म्हणून एक मुलगी आहे, ती गाईल." त्यानं आडपडदा ठेवला नाही, हे तिला नंतर बरं वाटलं. त्या क्षणी मात्र ती उठून कप धुवायला लागली आणि तो जाईपर्यंत धूतच राहिली.

गोळ्या संपल्या, कानात इंजेक्शनंही झाली. डाव्या कानाची रेष थोडी वर आली आणि थांबली. "जे येणार होतं ते आलं," तज्ज्ञ म्हणाले. शिट्टी राहिली. सूर दुहेरी ऐकू यायचे तेही कमी झालं, पण गेलं नाही. एप्रिलमध्ये राजाच्या वाढदिवसाला गावभर गाणी लागली तेव्हा ती खिडक्या लावून घरात बसली. रेडिओ बंद झाला. गिटार कपाटावर गेली. निहारनं "मी सांगत होतो" असं एकदाही म्हटलं नाही. संहिता मात्र जेवताना न सांगता आईच्या उजवीकडच्या खुर्चीत बसायला लागली.

आप्पांना तिनं दोन महिने काही कळवलं नव्हतं. ते आता एकाहत्तर वर्षांचे, दोन्ही कानांत यंत्रं लावणारे. शेवटी एका दुपारी व्हिडिओ कॉलवर तिनं सांगून टाकलं.

"आप्पा, माझा कान गेला. डावा."

"काय गेलं?"

"कान! कान गेला माझा!"

चिंचवडच्या त्या खोलीत आप्पांनी फोन आणखी तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "डॉक्टरकडे कधी गेलीस?"

"आठव्या दिवशी."

"मी अकराव्या वर्षी गेलो."

मग आप्पाच बोलू लागले, तुटक तुटक, स्वतःचाच आवाज चाचपल्यासारखे. "लोकांना कळू नये म्हणून किती खटाटोप केला मी. ओठ वाच, आधीच हस, पुढं पुढं कर. ऐकण्यात कधी गेली नाही एवढी ताकद लपवण्यात गेली बघ, वलू. नंतर मशीन बिघडलं की शेजारच्याला सरळ विचारायचो, बाबा रे, आवाज कसा येतोय सांग. लाज वाटायची. पहिल्या दिवशी तर घाम फुटला होता."

"मी हसायचे तुम्हाला, आप्पा."

"काय?"

"काही नाही," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग फोन जवळ घेऊन ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्हाला नीट ऐकू यायचं नाही तेव्हा मी हसायचे!"

"माहीत आहे मला," आप्पा म्हणाले. "डोळे शाबूत होते माझे."

ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं आणि मग निहार कसा आहे ते विचारलं.

सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर पंचविशीतली एक मुलगी पाठीवर गिटार घेऊन उभी होती. "मी फेमके," ती डचमध्ये म्हणाली. "योरिसला माहीत नाही मी आलेय ते. 'पहिली पाळी' मला जमत नाही. लोक टाळ्या वाजवतात, पण मला कळतं ना, की मी खोटं गातेय."

वल्लरीला तिचा हेवा वाटला. तिचे दोन धड कान, तिचं वय, तिचा उन्हाळा. दार लावून घ्यावं असंही वाटलं. पण तिनं मुलीला आत घेतलं, आपल्या उजव्या बाजूला बसवलं आणि म्हणाली, "माझा डावा कान गेलाय, इकडूनच बोल." ही गोष्ट अनोळखी माणसाला आपण होऊन सांगण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तासभर ती बोलली. भोंगा म्हणजे काय, पहिल्या पाळीला निघालेला माणूस अंधारात चपला कशा शोधतो, तेलाचे हात साबणानं का निघत नाहीत. फेमके वहीत लिहीत होती. मग ती म्हणाली, "एकदा म्हणून दाखवा ना."

"मी गात नाही आता."

"दोनच ओळी."

फेमकेनं तारा छेडल्या. सहा महिन्यांनी वल्लरीनं तोंड उघडलं. आवाज गंजलेला निघाला, जाडसर, पण निघाला. दुसऱ्या ओळीला मुलीनं हात तारांवर ठेवून वाजवणं थांबवलं.

"तुम्ही थोड्या खाली गाताय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कीव नव्हती, भीडही नव्हती. तबलजीनं हातोडीनं गट्टा ठोकावा इतकं ते साधं होतं.

वल्लरीचे कान लाल झाले, दोन्ही. "किती?"

"एवढंसं." फेमकेनं दोन बोटांत चिमूटभर जागा दाखवली. "असं."

तिनं खरा सूर वाजवला. वल्लरीनं डावा कान तळहातानं दाबून धरला, डोळे मिटले आणि तो सूर उजव्या कानानं शोधत राहिली. सापडायला वेळ लागला.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

फेमकेनं पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला. चौथ्या वेळी वल्लरी गायली तेव्हा फेमकेनं फक्त मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली. आतल्या खोलीतून संहिता येऊन दारात उभी राहिली होती.

मोठ्या सभागृहात वल्लरी त्यानंतर कधी गायली नाही, आणि गाणारही नाही. वर्षातून तीन-चारदा, दुपारच्या छोट्या कार्यक्रमांत, ती बँडबरोबर दोन गाणी म्हणते. बाकीची फेमके म्हणते. योरिसशी बोलणं पहिल्यासारखं झालेलं नाही, पण होतं. गाणं सुरू करण्याआधी ती सगळ्यांसमोर सांगते, "मी घसरले तर थांबवा मला." कधी थांबवावं लागतं. तेव्हा लोक वाट बघतात, योरिस सूर देतो, आणि ती पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करते.